हाडाला लागणारा भार

मंगळवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात मी, माझी बायको सुमन आणि आमची कुत्री चिमी, असे तिघे हजर होतो. चिमीच्या मोडलेल्या मागच्या पायाला बाहेरून दोन सळया बसवून आठ आठवडे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मोडल्या जागी नवं हाड जेमतेम धुक्याइतकं दिसत होतं.

"काका, हिला चालवता ना रोज?"

"छे, पाय जमिनीला लागूच देत नाही. दोन जिने, दिवसातून चार वेळा, मीच उचलून नेतो."

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला एकदाही उचललं नाही," सुमन म्हणाली.

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "थोडा भार आल्याशिवाय हाड भरत नाही. आज एक सळई काढते. महिन्याभरात भरलं नाही, तर पुन्हा ऑपरेशन."

आठ आठवड्यांत मी एकही फेरी चुकवली नव्हती, आणि चूक तीच होती. आपल्या माणसाला दुखतंय म्हटलं की त्याच्या वाटचं ओझं आपण परस्पर उचलतो आणि त्यालाच माया समजतो. आत भरून येणाऱ्या हाडाला मात्र स्वतःचं वजन कळावं लागतं.

सळई काढल्यावर मी चिमीला दवाखान्याच्या अंगणात खाली ठेवलं. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे बांधले. ती लंगडत फाटकापर्यंत गेली.

"पाय किती वेळा टेकला?" सुमनने हळूच विचारलं.

"पाच वेळा," मी म्हटलं.