तेओफिल गाव्लासची उभी न राहणारी गाडी

तेओफिल गाव्लासला आयुष्यात बऱ्याच जणांनी मागे टाकलं होतं आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण कुबालोन्काच्या घाटात पावाच्या गाडीने मागे टाकलं, ते मात्र त्याला लागलं. त्या गाडीचं मागचं दार अर्धवट उघडं होतं. उरलेला सगळा चढ तो आपल्या मालुखमध्ये बसून पुढच्या पावांकडे बघत राहिला. शेजारी बसलेली त्याची बायको ओतिलिया म्हणाली, "वास छान येतोय."

मालुख म्हणजे चिमुरडं. कारखान्याने गाडीला दिलेलं नाव वेगळं होतं, पण पोलंडमध्ये ते कोणी वापरत नाही. दोन दारं, मागच्या बाजूला इंजिन, त्यात दोन सिलिंडर, आणि इंजिन थंड ठेवायला नुसती हवा. तेओफिलने ती नवी असताना घेतली होती आणि तेव्हापासून दुसरी घ्यायचं कारण त्याला सापडलं नव्हतं.

उस्त्रोनच्या पाणीपुरवठ्यात पंपांवर त्याची नोकरी झाली. कोणाच्या घरी हात धुवायला गेला तर तो नळ सोडून आधी ऐकायचा, मग हात धुवायचा. जगातल्या बहुतेक अडचणींचं मूळ कुठेतरी पाइप अरुंद असणं हेच आहे, असं त्याचं मत होतं. ओतिलियाचे गुडघे, चर्चच्या गायकवृंदातले पुरुष आवाज आणि वॉर्साचं सरकार, सगळ्यांना त्याने हेच निदान लावलं होतं. मालुखचं निदान मात्र खरोखरच बरोबर होतं. त्याच्या इंजिनात दोन सिलिंडर असून हवा-पेट्रोल आत यायला तोंड एकच.

"दोन माणसं आणि एक नाक," तो ओतिलियाला म्हणाला. "चढावर धाप लागणारच."

"तुला एकट्याला एक आख्खं नाक आहे, तरी लागते," ती म्हणाली.

त्याने इंजिनाचं हेड काढून बिएल्स्कोच्या एका वेल्डरकडे नेलं, मधोमध भिंत घालून घेतली आणि वर दोन वेगळी नळकांडी बसवली. अपघातात मोडलेल्या एका जपानी मोटारसायकलचे दोन थ्रॉटल, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपा, त्याने मिळवले होते. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची झडप, स्वतःचं पेट्रोल. आजवर दोघांना मिळून हवा-पेट्रोल देणारा जुना कार्ब्युरेटर धुऊन, कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा छोटा संगणक सीटखाली गेला. दोन्ही झडपा बरोबरीने उघडतात का, हे तपासायची उपकरणं मिळतात. तेओफिलने बागेच्या नळीचा तुकडा घेतला. एक टोक थ्रॉटलच्या तोंडाशी, दुसरं कानात. एका नळकांड्याची सूं ऐकायची, मग दुसऱ्याची, मग स्क्रू किंचित फिरवायचा. मेमधला सगळा रिकामा वेळ त्याने असा गाडीच्या मागे वाकून काढला.

"डॉक्टरसाहेब," ओतिलिया स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "घरच्यांना बोलावून घेऊ का?"

जूनच्या सुरुवातीला तो कुबालोन्का चढून आला. कोणीही मागे टाकलं नाही. उलट त्यानेच एका ट्रॅक्टरला आणि झेक नंबरप्लेटच्या एका म्हाताऱ्याला मागे टाकलं. घरी येऊन त्याने हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तेव्हा मुलगी लिडिया म्हणाली, "बाबा, मग लग्नाला मी मालुखमधूनच जाणार."

ओतिलियाने हातातला चमचा खाली ठेवला. "मी स्कोचूफहून पांढरी गाडी सांगितली आहे."

"ती रद्द करता येते, आई."

"येते. आणि हा रस्त्यात बंद पडला, तर तुझ्या सासरचे लोक पांढरे कपडे घालून ढकलतील का?"

"बंद पडणार नाही," तेओफिल म्हणाला.

"शब्द देतोस?"

"देतो."

"मग ऐक. चर्चच्या दारापर्यंत हा एकदाही बंद पडला, तर सोमवारी मी त्या बिएल्स्कोच्या माणसाला फोन करणार." हा वेल्डर नव्हे, दुसरा माणूस; तो जुन्या गाड्या विकत घेऊन जमवायचा आणि आपलं कार्ड दोनदा मालुखच्या वायपरखाली खोचून गेला होता. तेओफिलने बटाट्याच्या गोळ्याचा घास तोंडात घातला आणि मान हलवली. पांढरी गाडी रद्द झाली.

आता तेओफिलची चूक सांगायला हवी. गाडी त्याने घाटासाठी जुळवली होती, घाटातच चालवून पाहिली होती. त्या रस्त्याला सिग्नल नाही. घरी येताना उतार, म्हणून तो वळणावरच इंजिन बंद करून गाडी घरंगळत गॅरेजात आणायचा. नळीने ऐकतानाही त्याने एका हाताने रेस धरलेली असायची. रेस न देता नुसता उभा राहून मालुख कसा वागतो, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आणि लग्नाची गाडी चालते कमी, उभी राहते जास्त. नवरा-नवरी चर्चला निघाली की त्या भागात लोक रस्त्यावर फाटक घालतात. दोरी, फिती, सोंगं, काय वाटेल ते. व्होडकाची बाटली हातात पडल्याशिवाय फाटक उघडत नाही. तेओफिलने अशी फाटकं आयुष्यभर घातली होती. गावच्या अग्निशामक दलाचा प्रमुख एर्विन श्तुर्त्स, त्याच्या मुलीच्या लग्नात तर तेओफिलने त्याच्या जावयाला रस्त्याच्या मधोमध बकरीचं दूध काढायला बसवलं होतं. बकरी भाकड होती. हे सगळं माहीत असलेल्या माणसाला ते नेमकं आठवलं नाही.

आठवलं लग्नाच्या आदल्या दिवशी. गाडीला फुलं बांधताना त्याने इंजिन चालू ठेवलं होतं. ॲक्सिलेटरवर पाय नव्हता. इंजिनाने थोडा वेळ तग धरला, मग एक सिलिंडर खोकला, दुसरा त्याच्याकडे बघून खोकला, आणि दोघे गप्प झाले. झडपा उघड्या असताना दोघांच्या हवेतला बारीकसा फरक कळत नव्हता. त्या जवळजवळ मिटल्या की तोच फरक इंजिनाच्या जिवावर उठत होता. वर इंजिन तापलं की धातू फुगणार आणि नळीने जुळवलेलं सगळं पुन्हा हलणार. गरम इंजिन लगेच सुरूही होईना. त्याने नळी कानात घातली, स्क्रू फिरवला, काढला, पुन्हा घातला. काही झालं नाही.

"काय झालं?" खिडकीतून आवाज आला.

"काही नाही. फुलं बांधतोय."

"कानात नळी घालून?"

शेवटी त्याने साधा उपाय ठरवला. चर्चपर्यंत ॲक्सिलेटरवरून पाय काढायचाच नाही.

दुसऱ्या दिवशी आईवडिलांचा आशीर्वाद घेऊन मंडळी निघाली. नवरा सेवेरिन कातोवित्सेचा, चांगला उंच. तो ड्रायव्हरच्या मागे गुडघे कानाशी घेऊन बसला. लिडिया आणि तिचा घेर यांनी उरलेली मागची सीट व्यापली. ओतिलिया पुढे, पायाशी बाटल्यांचा खोका. करवल्या आणि बाकीचे मागच्या गाड्यांत. पास्टरनी बजावून ठेवलं होतं की यांच्यामागे लगेच दुसरं लग्न आहे, उशीर चालणार नाही.

पहिलं फाटक पुलापाशी. दोन शेजारी, एक नवरीच्या वेषात, दाढीसकट. तेओफिलने गिअर काढला आणि रेस देत राहिला. ओतिलियाने खिडकीतून बाटली दिली.

"एवढी घाई कसली, तेओफिल?" दाढीवाली नवरी ओरडली. "घोडा पळून जाईल का?"

"हो!" तेओफिल ओरडला.

ओतिलिया त्याच्या उजव्या पायाकडे बघत होती. "इतका वेळ रेस कशाला देतोयस?"

"थंड राहतं."

"कोण?"

तेओफिलने गिअर टाकला.

दुसरं फाटक अग्निशामक दलाचं. लाल बंब रस्त्यात आडवा, पुढे लाकडी घोडीवर ठेवलेला बीच झाडाचा ओंडका, आणि एर्विन श्तुर्त्स पितळी शिरस्त्राण घालून उभा. ओतिलियाने बाटली पुढे केली. श्तुर्त्सने ती घेतली, खिशात घातली आणि जागचा हलला नाही.

"आता नवरदेवाने ओंडका कापायचा."

"एर्विन, पास्टर थांबलेत," ओतिलिया म्हणाली.

"माझ्या जावयाचेही थांबले होते. बकरीसाठी."

सेवेरिनला बाहेर काढायचं तर त्याच्या पुढची सीट वाकवायला हवी. म्हणजे तेओफिलने उतरायला हवं. दुसऱ्या बाजूने काढायचा तर लिडियाच्या अंगावरून. लिडियाने तसा प्रयत्न करून बघ, असं सांगितलं, पण ज्या आवाजात सांगितलं तो ऐकून सेवेरिनने केला नाही.

"ओतिल्का," तेओफिल हळू आवाजात म्हणाला, "तुझा डावा पाय इकडे टाक. या पेडलवर. आणि काढू नकोस."

ओतिलियाने त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. "म्हणजे हा उभाच राहत नाही."

"राहतो. जरा मदत लागते."

"सोमवारी बोलू," ती म्हणाली. पण पाय टाकला.

करवत दोन माणसांची होती. "दुसऱ्या टोकाला सासरा," श्तुर्त्सने फर्मावलं, आणि जवानांनी टाळ्या वाजवल्या. सेवेरिन कातोवित्सेच्या विमा कचेरीत काम करायचा. ओढायच्या वेळी तो ढकलायचा. करवत धनुष्यासारखी वाकली.

"ढकलू नकोस रे! ओढ, मग सोड!"

"कोणाकडे ओढू, बाबा?"

"स्वतःकडे! माझ्याकडे कशाला, मी काय मागितलंय?"

मालुखचा आवाज एकदा वर जाई, एकदा बसे. ओतिलियाच्या लग्नाच्या बुटाची टाच पेडलवरून घसरत होती. एका सिलिंडरने खोकायला सुरुवात केली. तेओफिल करवत सोडून निघाला, पण श्तुर्त्सने त्याचा खांदा धरला. "अर्धं झालंय, तेओफिल. अर्धवट काम सोडत नाहीत."

ओतिलियाला ही गाडी घरात नको होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण खिडकीतून तिला श्तुर्त्सचा चेहरा दिसत होता. तो इंजिनाकडे कान देऊन हसत होता. ते बंद पडायची वाट बघत होता. तिने बूट काढले, घागरा गोळा केला आणि गिअरच्या दांड्यावरून ड्रायव्हरच्या जागी सरकली. तिच्याकडे लायसन्स होतं. लग्न झालं त्या वर्षी काढलेलं, पुढे मुख्यतः पोस्टात ओळख पटवायला वापरलेलं. तिने पेडल तळापर्यंत दाबलं. मालुख असा गरजला की दोन जवान मागे सरले.

ओंडका तुटला. बंब मागे हटू लागला, रस्त्यात मालुखपुरती फट पडली, आणि त्याच क्षणी इंजिन पुन्हा खोकलं. ओतिलियाने विचार केला नाही. गिअर टाकला आणि क्लच सोडला.

"आई, सेवेरिन राहिला!" लिडियाचं हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं, पण त्याचा शेवट लांबून आला. दार धडाधड आपटत मालुख चढावर गेला, आणि पिकअपच्या बाबतीत तेओफिलचं म्हणणं खरं असल्याचं गावाने पाहिलं.

रस्त्यावर करवत धरलेले सासरा आणि जावई उरले.

"आता?" सेवेरिन म्हणाला.

श्तुर्त्सने शिरस्त्राण काढून पुन्हा घातलं. विनोद एवढा पुढे जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. "चढा," तो म्हणाला, आणि सायरन लावला.

बंब चर्चसमोर थांबला तेव्हा पास्टर दारात होते. ओतिलिया अनवाणी, केस सुटलेले, लिडियाचा घेर सरळ करत होती. मालुख पायऱ्यांपाशी शांत उभा होता. फार शांत. तेओफिल बंबावरून उतरला.

"बंद पडला?"

"मी बंद केला," ओतिलिया म्हणाली. "चर्चसमोर गाडी चालू ठेवतात का?"

तेओफिल उघड्या दारातून आत वाकला. किल्ली अजून चालूवरच फिरवलेली होती. डॅशबोर्डवर लाल दिवा जळत होता. इंजिन आपण होऊन मेलं की तो असा जळत राहतो. दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून श्तुर्त्सनेही तो पाहिला. त्याने तोंड उघडलं. ओतिलियाने त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि सेवेरिनच्या हातातली करवत घेतली.

तेओफिलने किल्ली फिरवली. दिवा विझला.

"आणि ऐक," ओतिलिया एका पायात बूट चढवत, त्याच्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "दोघांतला एक उशिरा श्वास घेतो. पेडलवर कळतं. सोमवारी तो बघ."

"कुठला?"

"मला काय माहीत कुठला? नळी तुझ्याकडे आहे." तिने दुसरा बूट चढवला. "चल. पास्टर घड्याळ बघतायत."