गारगोटीला बुडबुडे येत नाहीत

पट्टी खाडकन माझ्या नातीच्या बोटांवर बसली. लाकडाची नव्हे बरं, स्टीलची. तिच्या मुठीतला पांढरा दगड पडला आणि घरंगळत माझ्या पोछ्याच्या बादलीला येऊन लागला.

"झाड़ूवाली की पोती हमको साइंस सिखाएगी?" मॅडम म्हणाल्या.

लेकरं हसली. मागं खुर्च्यांवर त्यांच्या आया बसल्या होत्या, त्याही हसल्या.

काय झालं होतं ते सांगते. जयपुरात सी-स्कीम या बड्या लोकांच्या वस्तीत लेकरांना दगडधोंडे नि चांदतारे हातानं करून शिकवायचा क्लास आहे. मी तिथं झाडूपोछा करते. माझा नवरा रेल्वेत गँगमन, त्यांच्या बदलीनं आम्ही परभणीकडून इकडं आलो. ते वारले, मी इथंच राहिले. रविवारी नात माझ्यासोबत येते. तिला आत बसू देत नाहीत, चपलांच्या रॅकजवळून बघते. परातीत मैद्याचा चंद्र करतात. वरून दगड टाकला की खड्डा पडतो, उल्का पडल्यासारखा. तो एक दगड आपल्या हातानं टाकायचा, एवढंच पोरीला हवं होतं. झुरत होती बाई माझी त्यासाठी.

त्या दिवशी मॅडमनी पांढरा दगड दाखवला. संगमरवर म्हणे. जयपुरात पांढरं दिसलं की संगमरवरच, सवयच ती. त्यावर सिरका, म्हणजे व्हिनेगर, टाकला की बुडबुडे येतात म्हणाल्या. ओतला. नाही आले. पुन्हा ओतला. "सिरका पुराना है." दुसरी बाटली फोडली. काही नाही.

पोरगी उठली, सरळ आत गेली, दगड उचलून उजेडाला धरला. "मॅडमजी, ये मार्बल नहीं है. हमारे यहाँ इसको गारगोटी बोलते हैं. सिरके से इसको कुछ नहीं होता."

खरं बोलली. मीच शिकवलेलं. मी शाळा पाहिली नाही, लिहायवाचायला आपली आपण शिकले, पण दगड आईशेजारी बसून शिकले. आई रस्त्याची खडी फोडायची. एकदा तहानेनं तिनं मुकादमाच्या माठाला हात लावला. त्यानं असलीच गारगोटी उचलून तिच्या कपाळात हाणली. भळाभळा रक्त. आईनं जखमेवर मूठभर माती दाबली आणि पुन्हा हातोडी घेतली. मी सात वर्षांची. गप्प बसले. साठ वर्षं झाली, ते गप्प बसणं अजून दातात अडकलंय.

मॅडमनी पट्टी दुसऱ्यांदा उगारली.

मी त्यांचं मनगट धरलं. असं आवळलं की बांगडी फुटली, काच रुतली, रक्त आलं. पट्टी पडली.

"छोड़ मुझे! पागल है क्या?"

"अब मार के दिखा."

त्यांना ढकललं आणि टेबलावरची दगड फोडायची हातोडी घेतली. आया किंचाळल्या, लेकरं ओढून भिंतीला लागल्या. मी खाली बसले. फरशीवर घाव घातला. एक, दोन, तीन. ढलपी उडाली, पांढरा भुगा झाला. त्यावर सिरक्याची बाटली उपडी केली.

फसफसलं! भुग्यातून बुडबुडेच बुडबुडे.

"ये रहा तुम्हारा मार्बल. रोज मी पुसते. तुमच्या पायाखालीच होता."

एक बारका पोरगा आईचा हात सोडवून बघायला धावला. त्याच्या पाठीत धपाटा बसला.

मी बादलीजवळची गारगोटी उचलून नातीच्या हातात दिली. बोटं टम्म सुजली होती. "टाक," म्हणाले.

टाकली कसली, भिरकावली तिनं. मैदा उसळून मॅडमच्या तोंडावर, केसांवर, आयांच्या साड्यांवर. परात उलटून खणखणत गेली.

संध्याकाळी क्लासच्या मालकांचा फोन आला. "माफ़ी लिख के दे दो अम्मा, बात ख़त्म."

"लिहिता येतं मला," मी म्हणाले. "म्हणूनच नाही लिहिणार."

येत्या रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत. पोरीला रॅकजवळ नाही, टेबलाशी बसवणार. शेजारी मी बसणार. पुन्हा पट्टी उचलली तर या खेपेला बांगडीवर थांबणार नाही. हात मोडीन. सांगून ठेवते.