जंतू जगावेत म्हणून

टायफॉईडच्या भाऊबंदांतला एक जंतू आपल्या पेशीत शिरतो, आणि ज्या पेशीनं त्याला खाऊन पचवायचं, तिच्याच पोटात ऐटीत राहतो. हे तो कशाच्या जोरावर करतो, या प्रश्नाच्या मी नांदेडच्या प्रयोगशाळेत हात धुऊन मागे लागले होते. माझा संशय एका प्रथिनावर होता. ते बनवणारं जनुकच मी जंतूतून काढून टाकलं आणि तो जंतू पेशींमध्ये सोडला. नंतर पेशी फोडून आतलं पाणी जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरलं, तर जंतू उगवले अगदी तुरळक. बाकीचे पेशीनं पचवले होते.

मी अकरावी-बारावी लातूरला केलेली. उत्तर आलं की उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा आणि पुढं पळायचं, हे अंगात मुरलेलं. त्यामुळं मी सरळ पेढेच घेऊन आले. माझ्या गाईड मॅडमनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जनुक नव्हतं म्हणून मेले, का काढताना तू शेजारचं काही मोडलंस म्हणून?"

असा राग आला मला! पण बोलणं खरं होतं. विहिरीवरची मोटर काढली आणि पीक वाळलं, तर दोष मोटर नसण्याचा की काढताना फुटलेल्या पाइपाचा, हे मोटर परत बसवल्याशिवाय कळत नाही. म्हणजे जनुक परत बसवायचं. जंतू पुन्हा जगले तर माझं प्रथिन खरं. नाही जगले तर सगळा प्रबंध पाण्यात.

जनुक बसता बसेना. अखेर बसलं. मूळ, जनुक काढलेला आणि परत बसवलेला असे तिन्ही जंतू पेशींत सोडले, पेशी फोडल्या, आणि तीन प्लेटा रात्रभर उबेला इन्क्युबेटरमध्ये गेल्या. भोकरहून आईचा फोन आला, जेवलीस का म्हणून.

"जगू दे गं आधी त्यांना," मी म्हणाले.

"कोन आजारी हाय?" आई घाबरलीच.

सकाळी प्लेटा काढल्या. मूळ जंतूची प्लेट ठिपक्यांनी गच्च. जनुक काढलेल्याची जवळजवळ रिकामी. तिसरीला हात लावायचा धीर होईना. शेवटी झाकण उचललं, तर तीही गच्च भरलेली. जगले होते! मी मॅडमना हाक मारली ती सगळ्या मजल्याला ऐकू गेली असणार. त्या आल्या, वाकून ठिपके मोजायला लागल्या आणि मधेच आकडा विसरल्या. आनंदानं माझे डोळे वाहत होते, नाक वाहत होतं आणि मी त्या प्लेटवरून हलत नव्हते.

"रडायचं तर बाजूला होऊन रड," मॅडम म्हणाल्या. "अन् झाकण लाव आधी. जित्ते हायेत ते."