अरविंदरावांची माती

फोन आला तेव्हा माझ्या पाठीवर फवारणीचा पंप होता. शैला, माझी बायको, दारातूनच म्हणाली, "अहो, नलूताईचा फोन... भाऊजी गेले." सकाळी झाडांना पाणी घालता घालता अरविंदराव ओट्यावर टेकले आणि तिथंच आटोपलं. मी पंप उतरवून पायरीवर बसलो. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मनात आलं ते हे, की शेवटी बागेतच गेला हा माणूस, तोही ऐन बहरात! जातानासुद्धा माझ्यावर मात करून गेला. साडूबद्दल असं लिहू नये हे मला कळतं. पण गोडगोड लिहिलं असतं तर ते वाचून सगळ्यात आधी अरविंदरावच हसले असते.

आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे, नाशिकच्या एकाच कॉलनीत एक गल्ली सोडून राहणारे. मी दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरातला. नोकरी सरकारी ऑफिसात झाली तरी छाटणी, फवारणी हाडात भिनलेली. अरविंदराव पंचवटीच्या बोळातले. लहानपणी त्यांच्या घराला अंगण तर सोडाच, तुळशीपुरती जागा नव्हती. शाळेत चित्रकला शिकवली, रिटायर झाले आणि बागेच्या मागे लागले. दोन वर्षांत त्यांचे गुलाब बघायला लोक थांबायला लागले. माझ्या गुलाबांसमोर माणसं थांबायची ती फक्त गाडी पार्क करायला. त्यात आमच्या घरात जेवताना चर्चा कसली, तर "भाऊजींची जास्वंद बघितलीत का?" मी भाकरी जरा जोरातच मोडायचो.

त्यांचं सगळं बळ मागच्या अंगणातल्या एका निळ्या ड्रममध्ये होतं. चाळलेलं शेणखत, त्यात ट्रायकोडर्मा नावाची बुरशी, वर गुळाचं पाणी आणि ओलं गोणपाट. आठवड्यानं त्यात पांढरी जाळी धरायची, मग हिरवट झाक. ही बुरशी मातीतल्या रोगट बुरशीला खाऊन टाकते, मुळं निरोगी राहतात. आलेल्या प्रत्येक माणसाला ते आधी ड्रमपाशी नेत, झाकण काढत आणि म्हणत, "वास घ्या." मग चहा. मी तो वास कधी घेतला नाही. द्राक्षवाल्याला बुरशीचा वास घ्यायला सांगतात! आमच्याकडे बुरशी म्हणजे द्राक्षवेलीचा रोग, भुरी नाहीतर डावणी. दिसली की मारायची, एवढंच आम्हाला ठाऊक.

एकदा शैलानंच त्यांना बोलावलं. माझे गुलाब मुळाशी कुजत होते. त्यांनी ड्रममधली माती आणून प्रत्येक झाडाला स्वतःच्या हातानं घातली. चार-पाच दिवसांनी मला बुडाशी पांढरे धागे दिसले आणि हात आपोआप बुरशी मारणाऱ्या मोरचूद-चुन्याच्या बादलीकडे गेला. झाडाझाडाला निळं पाणी ओतलं. अरविंदरावांनी ते बघून कपाळावर हात मारला. "अहो दत्ताराव, पाहुण्यांना पंगतीत बसवलंत आणि ताटात विष वाढलंत!" हा किस्सा त्यांनी पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितला, माझ्या चालण्याच्या नकलेसकट. सगळे हसायचे. शैलासुद्धा.

मग शैलाच्या वाढदिवसाला त्यांनी त्यांच्या मातीत लावलेला मोगरा दिला. कुंडी गॅलरीत बसली. त्या कुंडीला मी पाणी घातलं नाही, औषध मारलं नाही, तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. आणि तो मेला मोगरा असा फुलायचा की काही विचारू नका. माझी बायको दुसऱ्याच्या मोगऱ्याचा गजरा माळून माझ्याबरोबर देवळात यायची.

तेराव्याच्या आधी त्यांच्या सुनेनं घर धुऊन काढलं. तिचा हेतू चांगलाच होता. पाहुणे येणार, आणि मागं ड्रममध्ये काहीतरी बुरसटलेलं... तिनं ते घंटागाडीत घालवलं आणि ड्रम फिनेलनं घासून उन्हात पालथा घातला, मुंग्या नकोत म्हणून वाफ्यांत, कुंड्यांतही फिनेल शिंपडलं. तोवर नलूताई रडल्या नव्हत्या. त्या दिवशी मागच्या दारात गेल्या, रिकाम्या ड्रमकडे बघत राहिल्या आणि खालीच बसल्या. "ह्यांचं एवढंच होतं गं," म्हणाल्या. "रोज सकाळी आधी त्याला विचारायचे, मग मला." सून बिचारी पांढरीफटक पडली. मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेलो, "नलूताई, आमच्या गॅलरीत आहे ती माती."

पुऱ्या कॉलनीत फिनेलचा, मोरचुदाचा हात न लागलेली त्यांची माती तेवढीच उरली होती, माझ्या रागामुळे. घरी येऊन मी मोगरा हलकेच उपसला, मुळांभोवतीची माती काढून घेतली, आमच्या एका जुन्या ड्रममध्ये चाळलेल्या शेणखतात मिसळली. गूळ विरघळवला. गोणपाट भिजवलं. मोगरा परत लावला. आणि मग रोज झाकण उचलून बघत बसलो, धरतंय की नाही. शैला म्हणाली, "पोर तापानं फणफणल्यासारखे काय फिरताय?" एका सकाळी कडेला पांढरा धागा दिसला. मी ओरडलोच.

नलूताईंना बोलावलं. त्या वाकल्या, डोळे मिटून वास घेतला. मग म्हणाल्या, "हेच..."

आता लोक माझ्याकडे वाडगी घेऊन येतात. अंगण माझं, ड्रम माझा, गूळ माझा, पाठ माझी दुखते. आणि फाटकातून हाक काय येते, तर "अरविंदरावांची माती आहे का हो?" अस्सा जळफळाट होतो म्हणून सांगू! पण आधी झाकण काढतो. आलेल्या माणसाला जवळ बोलावतो आणि म्हणतो, "वास घ्या." मग चहा.