जांभळीपासून विहिरीपर्यंत

मी भाजे सोडलं त्या सकाळी मला निरोप द्यायला अर्धा मावळ लोटला होता. खोटं वाटत असेल तर मळवली स्टेशनात विचारा, तिथली कुत्रीसुद्धा फाटकाशी येऊन बसली होती. आईने तांदळाच्या पापड्या इतक्या बांधून दिल्या होत्या की विमान एका अंगाला कलणार, याची मला खात्रीच होती. आले नाहीत ते फक्त माझे सख्खे चुलते, तात्या. ते खाचरात होते. लावणीच्या आधी बांध तासायचे दिवस. दोन्हीकडच्या धन्यांनी आपापल्या अंगाचं गवत काढून चिखल लिंपायचा, ही आमच्याकडची रीत. तात्यांनी लांबून फावडं उंचावून मला निरोप दिला आणि तेच फावडं बांधात घातलं. गवतापुरतं नव्हे, चांगलं आतपर्यंत. निघालेली माती आमच्या अंगाला थापली. म्हणजे बांध दिसायला तेवढाच, फक्त आमच्याकडे सरकलेला.

मी गाडीतून उतरायला निघालो तर आबांनी, म्हणजे वडिलांनी, दारच धरून ठेवलं. "जाऊ दे. तू नीट जा. बोटभर मातीनं कुनी गरीब होत न्हाई."

ते ‘जाऊ दे’ मी जर्मनीला घेऊन आलो. पापड्या महिन्यात संपल्या, ते काही संपेना.

आजोबांचं चौकोनी खाचर दोघा भावांत तिरपं वाटलेलं होतं. जांभळीपासून विहिरीपर्यंत सरळ बांध, वर तात्यांचा त्रिकोण, खाली आमचा. तात्यांनी दरसाल त्या बांधाला असं ढकललंय की शंभरी गाठली त्यांनी, तर बांध आमच्या चुलीतून जाईल. खाल्लेल्या पट्टीवर आता तात्यांनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने दिलेले तंबू असतात. जिथे आमचा इंद्रायणी भात डुलायचा तिथे पुण्यामुंबईची पोरं मक्याची कणसं भाजतात, आणि वर आबा त्यांना प्यायला पाणी नेऊन देतात!

इथे जर्मनीत कुंपणाला धक्का लागला तर कुंपणच आधी सॉरी म्हणतं. अशा देशात मला काम मिळालं ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कॉन्फॉर्मन्स टेस्ट चालवायचं. फोनमधल्या चिपकडून चित्र काढून घेणारं सॉफ्टवेअर म्हणजे हा ड्रायव्हर. आम्ही त्याला त्रिकोण जोडून ढीगभर चित्रं काढायला लावतो आणि नियमाशी ताडून ठिपका न ठिपका तपासतो. टेस्ट फेल, तर शिक्का नाही; शिक्का नाही, तर फोन दुकानात नाही. पहिल्याच आठवड्यात एक नियम वाचला आणि मी खुर्चीवर उभा राहिलो. दोन त्रिकोणांची कड एकच असेल, तर कडेवरचा ठिपका कुठल्या तरी एकाच त्रिकोणाचा. दोघांनी रंगवायचा नाही, मध्ये सोडायचाही नाही. ज्याने हा नियम लिहिला तो नक्कीच बांधावरून डोकं फोडून घेऊन आलेला असणार.

मी आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि जुन्या रेषेवरून चालायला सांगितलं.

"आरं, मधी तंबू हायेत. तंबूतनं चालू व्हय?"

"तंबूतनंच चाला."

चालले बिचारे. एका तंबूत त्यांना मॅगीसुद्धा मिळाली. मी त्या रेषेचा तिरकेपणा जसाच्या तसा उचलून नवी टेस्ट लिहिली. दोन त्रिकोण आणि मध्ये आमचा बांध. तपासणाऱ्यांनी विचारलं, असे विचित्र आकडे का? मी साळसूदपणे लिहिलं, अशा अवघड कडेवरच ड्रायव्हर घसरतात. यात खोटं काहीच नव्हतं. टेस्ट संचात गेली.

आणि तिच्यावर घसरलं कोण? पुण्यातल्या एका कंपनीचा ड्रायव्हर, ज्यात कडांचा कोड लिहिला होता तात्यांच्या विशालने! मी ऑफिसात पेढे वाटले. जर्मन विचारायला लागले, कुठला सण? म्हटलं, आमच्यात फेलचा असतो.

विशालचा फोन आला. "दादा, कडेवरचे थोडेसेच पिक्सेल दोनदा रंगतायत. डोळ्यांना कळतसुद्धा नाही. सूट देता येईल का? माझं पहिलंच काम आहे रे."

"वरचा त्रिकोण खालच्यात घुसतोय, विशाल."

"बोटभर पण नाही!"

"तुझे तात्या पण हेच म्हणतात."

पलीकडून हळूच आवाज आला, "दादा, ही कड जांभळीपासून विहिरीपर्यंतची आहे का?"

"आधी पास कर, मग सांगतो."

सूट दिली नाही. पोरगं हुशार, झटून त्याने ड्रायव्हर दुरुस्त केला आणि टेस्ट पास झाली. मला जरा वाईटच वाटलं, कारण जन्मभर फेल करत राहायची माझी तयारी होती. गणपतीत तो गावी गेला आणि तिथून त्याचा फोन आला, "ड्रायव्हर सरळ झाला, दादा. तात्यांनाही सांगून बघितलं. फावडं घेऊन माझ्या मागं लागले."

गाव सोडून गेलेल्यांनो, घर म्हटलं की तुम्हाला अंगण आठवत असेल, आईच्या हातची चव आठवत असेल. मला ती रेष आठवते आणि दात शिवशिवतात. आणि मागे राहिलेल्यांनो, तात्यांच्या कानावर एवढं घाला: तुम्ही तंबूंचं बुकिंग घ्यायला नवा फोन आणलात ना, त्याला दुकानात यायच्या आधी आमचा बांध काढून दाखवावा लागलाय. जुन्या जागी. तुमच्याच लेकाच्या हातून.

आबांना व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी वाट बघत होतो, आता म्हणतील ‘जाऊ दे’.

"तिकडं सरळ झाला म्हन," ते म्हणाले, "मंग हितंच का वाकडा ऱ्हावा?"

कॉल चालूच राहिला. स्क्रीनवर नुसती भिंत दिसत होती, आणि भिंतीला नेहमी टेकवून ठेवलेलं आमचं फावडं जाग्यावर नव्हतं.