ससा असता तर

नाना समोर येऊन उभे राहिले की आधी त्यांचा उजवा हात पुढे यायचा. तर्जनी आणि मधलं बोट, एवढी दोनच ताठ, बाकीची मुडपलेली. "यातलं एक धरा हो," म्हणायचे. कशासाठी ते सांगायचे नाहीत. आपण हातातलं काम सोडून एक बोट धरावं आणि नानांनी समाधानाने निघून जावं, असा रिवाज होता. मग दुपारी कळायचं की आपण मधलं बोट धरल्यामुळे नानांनी न्हाव्याकडे जायचं पुढच्या आठवड्यावर टाकलं आहे.

लहान मुलं असं बोट धरून खेळतात हे तुम्हीही पाहिलं असेल. चाळिशीतला माणूस त्यावर संसार चालवताना मी तरी एकच पाहिला.

रत्नागिरीच्या बंदरावर आगबोटीच्या एजंटाची कचेरी होती. मी तिथे तिकिटं द्यायचो आणि नाना मालाचं बघायचे. बोट लांब उभी राहायची, माणसं आणि माल पडावांतून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, तिच्यापर्यंत न्यावा लागायचा. पडाववाल्यांत राजिवड्याचा हुसेन तांडेल म्हणून एकजण होता. आधी कुठला माल भरू, असं त्याने एकदा विचारलं, तर नानांनी त्याच्यापुढेही दोन बोटं धरली. तांडेल म्हणाला, "नाना, भरती काय तुमच्या बोटांसाठी थांबायची नाय." आणि दोन्ही बोटं धरून त्यांना बाजूला केलं.

नानांची बायको तापाने गेली होती. मागे एकच मुलगी, द्वारकी. घरी स्वयंपाक नाना करायचे, पण डाळ की कुळथाचं पिठलं, हे द्वारकी बोट धरून ठरवायची. ती कधी घुटमळायची नाही, झडप घालून धरायची. ते घर खरं म्हणजे त्या दहा वर्षांच्या मुलीच्या जिवावर चाललं होतं. शाळेत हुशार होती. "फायनलपर्यंत, चांगली सातवीपर्यंत, शिकवायची हो हिला," एवढी एक गोष्ट नाना कुणाला न विचारता बोलायचे.

दिवाळीनंतर बोटीतून एका साहेबाचं बिऱ्हाड उतरलं. त्यांच्या सामानात एक पिंजरा होता, त्यात एक ससा आणि एक गिनीपिग शेजारीशेजारी बसले होते. गिनीपिग आम्ही तोवर पाहिला नव्हता. शेपूट नसलेला, लठ्ठ, तांबडा-पांढरा, आणि शीळ घातल्यासारखा ओरडणारा. साहेबाची मोटार येईपर्यंत द्वारकी पिंजऱ्यापुढे उकिडवी बसली होती. "बाबा, मला हे हवं," म्हणाली. नानांनी दोन बोटं पुढे केली. "हा ससा, हा गिनीपिग. धर." तिने दोन्ही धरली.

"दोन्ही नाही गं परवडत," नाना म्हणाले आणि निकालासाठी प्रकरण कचेरीत आणलं.

आमच्याकडे मतांना काय तोटा? एजंट म्हणाले, ससा घ्या, घराला शोभा येते. शिपाई म्हणाला, सशाचं काळीज केवढं, मांजराच्या सावलीने मरेल. पोस्टातला एकजण म्हणाला की गिनीपिग सारखा खातो, तर दुसरा म्हणाला की ससा सारखा उकरतो. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं, अशी म्हण आहे. तिचं पहिलं अर्धं नानांनी मनावर घेतलं होतं, दुसरं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मार्गशीर्ष गेला, पौष लागला, आणि "ससा की गिनीपिग" हे बंदरावरच्या लोकांचं रामराम म्हणण्यासारखं झालं.

पौषातच एका सकाळी नानांचे थोरले बंधू, दादा, कचेरीत आले. पालीच्या पुढे त्यांचं गाव. घरचं भात आणि बागायत दादाच बघायचे. त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं, "नान्या, सरकारचा कायदा येतोय. चैत्रापासून चौदाच्या आतल्या मुलीचं लग्न लावलं तर शिक्षा आहे. द्वारकीचं यंदाच उरकायचं. दापोलीकडचं स्थळ आहे. मुलगा इंग्रजी तिसरीत आहे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्यांना सून लगेच हवी. पोर आईवेगळी, तू दिवसभर बंदरावर. तिला वळण कोण लावणार?"

दादा वाईट माणूस नव्हते. आपण पोरीचं भलं करतोय याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती, आणि अशा माणसापुढे बोलणं फार कठीण.

नाना म्हणाले, "बघू."

"बघायचं काय त्यात? देवाला कौल लावू."

दादा गेल्यावर नाना माझ्याकडे आले. हात खिशात होते. "मी नाही म्हणणार आहे," म्हणाले. "कौल लावताना मी सांगणार, की करायचं की नाही हेच आधी देवाला विचारा. देव नाही म्हणेल. तुम्ही चला बरोबर."

आम्ही सर्व्हिस मोटारीने पालीपर्यंत गेलो आणि पुढे पायी. देवळात गावची पाच-सहा माणसं जमली होती. ज्यांनी कौल पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना पाण्याने ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठल्या बाजूची कळी आधी गळते त्यावर देवाचं उत्तर समजायचं. गाऱ्हाण्यात काय विचारायचं ते सांगण्याचा मान घरातल्या थोरल्याचा. दादा गुरवाच्या कानाशी लागले. नाना घसा खाकरून तयार उभे होते.

गुरवाने हात जोडले. "बा देवा महाराजा, ह्यांच्या घरच्या चेडवाचा लगीन निघालाय. माघात करायचा असंल तर उजवी दे, फाल्गुनात करायचा असंल तर डावी दे. आणि सगळा सुखरूप पार पाड रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. गाऱ्हाण्याला तसं म्हणायचंच असतं, लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून जातं. नानाही म्हणाले. म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि डाव्या अंगाची कळी खाली पडली.

परतीच्या मोटारीत नाना आपली दोन बोटं न्याहाळत होते. मग म्हणाले, "दोनच बोटं होती हो. दोन्ही लग्नाचीच."

"मग तुम्ही बोलायचं होतंत."

"देवापुढे?"

"देवळाबाहेर आल्यावर तरी."

"बाहेर दादा होते," नाना म्हणाले.

मला त्यांचा राग आला, आणि राग येऊन काही उपयोग नव्हता म्हणून अधिकच आला. सशासाठी या माणसाने अख्ख्या बंदराला विचारून सोडलं होतं. लेकीच्या बाबतीत त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि नको आहे हे त्यानेही माझ्याखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आठवड्याने ते माझ्या टेबलाशी आले. हात पुढे केला नाही. "ठरलं. गिनीपिग," म्हणाले.

"कोणी धरलं बोट?"

"कोणी नाही. मीच ठरवलं." त्यांच्या चेहऱ्यावर लाजल्यासारखं हसू होतं. "ससा मुका असतो हो. हा पाऊल ओळखून ओरडतो म्हणतात. परक्या घरी ती विहिरीवरून आली, की कोणीतरी ओरडायला हवं ना तिच्यासाठी."

बोटीवरच्या एका गोवेकर बटलरने मुंबईहून जनावर आणून दिलं. ते बोटीवरून उतरवायचं काम हुसेन तांडेलाकडे आलं. करंडीत काय आहे ते नानांनी ऐटीत सांगितलं. पिग म्हणजे काय ते बंदरावरच्या माणसाला ठाऊक असतंच. तांडेलाने हात मागे घेतला. "नाना, माफ करा. डुक्कर माज्या पडावात नाय." मग त्याला राहवेना. त्याने झाकण किलकिलं करून आत पाहिलं आणि हसतच सुटला. "ह्यो डुक्कर नाय वो. ह्यो तं उंदीर, शेपटाबिगरचा." करंडी त्याने मांडीवर घेऊन किनाऱ्याला आणली. कचेरीत आम्ही दोन दिवस हसत होतो.

द्वारकीने त्याला, म्हणजे तिला, गिन्नी नाव ठेवलं. आंब्याची पेटी आडवी करून घर केलं. शाळेतून आली की हरळी उपटून आणायची. आणि खरंच, ती पायरीशी आली की गिन्नी शीळ घालायची. लग्न ठरलंय हे द्वारकीला माहीत होतं. तिने नानांना एवढंच विचारलं, "हिला नेऊ देतील ना?" नाना म्हणाले, "का नाही नेऊ देणार?" एवढ्या ठामपणे ते जन्मात काही बोलले नसतील.

फाल्गुनात लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी वऱ्हाड बोटीने हर्णैला जायला बंदरावर आलं. द्वारकी हिरव्या लुगड्यात, कपाळावर मुंडावळ्यांचा वळ, आणि दोन्ही हातांत करंडी धरलेली. सासऱ्यांनी सहज विचारलं, "यात काय आहे?"

नुसतं गिन्नी म्हणून सांगितलं असतं तर भागलं असतं. पण नानांनी आयुष्यात एकच निर्णय घेतला होता, त्याचा त्यांना अभिमान होता. पूर्ण नाव सांगितलं. "गिनीपिग आहे. विलायती."

नवरदेव पंधरा वर्षांचा, इंग्रजी तिसरीतला. त्याने शिकलेलं दाखवायची संधी सोडली नाही. "पिग म्हणजे डुक्कर," तो मोठ्याने म्हणाला.

वऱ्हाडातल्या बायका चार पावलं मागे सरकल्या. सासरे म्हणाले, "अहो, हे काय भलतंच? आमच्या घरी देवाचं सोवळं आहे."

"नाही हो, नुसतं नाव तसं आहे," नाना घाईने म्हणाले. "हा आपला… घुशीसारखा म्हणा."

"घूस?" सासऱ्यांनी विचारलं.

हुसेन तांडेल पडावात उभा होता. तो ओरडून म्हणाला, "काका, एकदा उघडून बघा तरी. उंदरासारखा गरीब जीव हाये." पण कोणी उघडून पाहिलं नाही. सासरे तसे सौम्य होते. नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. ससा असता तर मीच म्हटलं असतं, ने म्हणून. सशाला कोण नाही म्हणतंय?"

द्वारकी बापाकडे बघत होती. मी तिच्या समोरच उभा होतो, म्हणून ते बघणं मला दिसलं. ती रडली नाही, हट्ट केला नाही. नाना आता काहीतरी बोलतील याची वाट बघत होती. नानांनी वाकून तिची बोटं करंडीवरून एकेक करून सोडवली आणि करंडी आपल्याकडे घेतली. पडाव सुटला. गिन्नी आत शीळ घालत होती, आणि करंडी कुठे ठेवावी ते नानांना सुचत नव्हतं.

त्यानंतर नानांनी कोणापुढे बोटं धरली नाहीत. तिकिटाच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे, थोड्या वेळाने म्हणायचे, "ससा असता तर नेला असता हो त्यांनी." मी म्हणायचो, "तुम्हाला काय माहीत होतं?" ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ससा घ्या म्हणणारे एजंट तर त्यांना चुकवून मागच्या दाराने जाऊ लागले.

मला वाटतं, हे दुःख त्यांना पेलण्याजोगं होतं. ससा की गिनीपिग यात आपण चुकलो, हे म्हणता येत होतं. दुसरं म्हणता येत नव्हतं.

दिवाळीला सासऱ्यांनी द्वारकीला एका गड्याबरोबर चार दिवसांसाठी पाठवली. मला फराळाला बोलावणं होतं. मी गेलो तेव्हा ती चुलीपुढे बसून कडबोळी तळत होती. नऊवारी नेटकं नेसलेली, पदर खोचलेला. तिकडे तिचं नाव सरस्वती ठेवलं होतं. तिने मला "बसा" म्हटलं, ते एखाद्या मोठ्या बाईसारखं. नाना घरात आनंदाने नुसते भिरभिरत होते. एवढे महिने त्यांनी गिन्नीला हरळी घालून, उन्हात बसवून जपलं होतं ते या दिवसासाठी. ते पडवीत गेले, गिन्नीला छातीशी धरून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

"बघ कोण आलंय."

द्वारकीने मान वर केली. तिचे दोन्ही हात पुढे आले, अगदी आपोआप. मग तिने ते मागे घेतले, पदर सावरला आणि भिंतीकडे सरकली.

"बाबा, तिथेच थांबा. मी सोवळ्यात आहे."

"अगं, गिन्नी आहे ही."

"माहीत आहे. पण तुम्ही शिवलात ना तिला." तिच्या आवाजात राग नव्हता. रोज जे ऐकत होती, तेच ती नीट समजावून सांगत होती. "आता अंघोळ करा, मग आत या."

नाना उंबऱ्यावरून मागे फिरले. मग गिन्नीला पेटीत ठेवून मागच्या दारी विहिरीवर गेले. पोहरा सोडल्याचा आवाज आला, पुन्हा आला. द्वारकी खाली मान घालून कडबोळी उलटत होती. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

नाना आले ते ओलेत्याने. केसांतून पाणी गळत होतं. आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला विचारलं, "आता येऊ का आत?"