मापाला दिलेला मोबाईल

काष्टीहून श्रीगोंद्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसायची. गळ्यात शिवणाचा टेप, हातात मोबाईल. बाहेर उसाचे तुरे उन्हात डोलत आणि त्यांच्या सावल्या तिच्या बोटांवरून सरकत राहत. शिवलेल्या ब्लाउजांची वेबसाइट ती स्वतःच बनवत होती. लग्नसराईच्या आत व्हायला हवी होती.

चित्रांची रुंदी ती टेपने पडदा मोजून चक्क इंचांत लिहायची. तिच्या मोबाईलवर सगळं नीट बसे, गिऱ्हाइकांच्या मोबाईलवर निम्मं चित्र बाहेर जाई.

एकदा शेजारी बसलेल्या मला म्हणाली, "सर, तुमचा मोबाईल जरा मापाला द्या की. कॉलेजापाशी उतरता, काय शिकवता तुमी?"

"मराठी," मी मोबाईल देत म्हणालो.

खरं तर मी वेबसाइट बनवायलाच शिकवतो. इंचांऐवजी पडद्याच्या रुंदीचे टक्के लिहा, एवढंच सांगायचं होतं. पण मी स्वतः एकही वेबसाइट कधी बनवली नव्हती. तिचं रोजचं अडणं मला बरं वाटत होतं.

पंधरवड्याने ती हसत आली. "सापडलं, सर! माप घ्यायचंच न्हाई. परकराला नाडी घालतो तसं करायचं, ज्याच्या त्याच्या अंगाला बसतंय. इंच काढून टक्के लिवले. मराठीवाल्यांना बी जमंल, लई सोपं हाय!"

"वा," मी म्हणालो.

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. हल्ली वर्गात हा धडा आला की मी परकराच्या नाडीचं उदाहरण देतो. मुलं विचारतात, "सर, कसं सुचतं तुम्हाला?"

"एसटीत सुचलं," मी म्हणतो.